ब्रॉडकास्ट पॅकेट पाठवलं खरं, पण ते गेलं कुठल्या इंटरफेसने?

ब्रॉडकास्ट म्हटलं की डोक्यात एकच चित्र येतं, आपण एक हाक मारली आणि नेटवर्कवरच्या सगळ्यांनी ऐकली. प्रत्यक्ष प्रोग्राम लिहायला बसलं की कळतं की हाक एकाच दारातून, म्हणजे एकाच नेटवर्क इंटरफेसने (केबलचं किंवा वायफायचं कार्ड), जाते, आणि ते दार तुम्ही निवडलं नाही तर ऑपरेटिंग सिस्टम निवडते, आणि लिनक्स, विंडोज, मॅक आणि बीएसडी यांची निवडायची पद्धत सारखी नाही. मी एकदा लोकल नेटवर्कवरची डिव्हाइसेस शोधणारा छोटासा प्रोग्राम लिहिला होता, माझ्या लॅपटॉपवर मस्त चालायचा, दुसऱ्याच्या मशीनवर एकही डिव्हाइस दिसेना. एरर काहीच नाही, पाठवलेल्या बाइटचा आकडा बरोबर परत येतोय. दोन दिवस डोकं खाजवल्यावर कळलं की त्या मशीनवर व्हर्च्युअल मशीन चालवायचं सॉफ्टवेअर होतं, त्याने एक व्हर्च्युअल नेटवर्क कार्ड बनवलेलं आणि माझी सगळी पॅकेट्स इमानेइतबारे तिकडे जात होती, जिथे ऐकायला कुणीच नव्हतं.

तर हा लेख त्या दोन दिवसांची भरपाई समजा. कमांड आणि ऑप्शनची नावं मी देवनागरीत लिहिलीयत, टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये करा. सगळं आयपी व्हर्जन ४ बद्दल आहे, व्हर्जन ६ चं शेवटी.

पायरी १: कुठल्या पत्त्यावर पाठवताय ते आधी नक्की करा

ब्रॉडकास्टचे पत्ते दोन प्रकारचे. एक २५५.२५५.२५५.२५५, याला लिमिटेड ब्रॉडकास्ट म्हणतात, म्हणजे "या वायरवर जे कोणी असतील ते", आणि हा राउटर कधीच पुढे ढकलत नाही. दुसरा सबनेटचा (तुमच्या नेटवर्कच्या तुकड्याचा) ब्रॉडकास्ट, ज्यात पत्त्यातला नेटवर्कचा भाग तसाच ठेवून होस्टचे, म्हणजे मशीनच्या भागाचे, सगळे बिट १ करायचे. हे नियम १९८४ च्या आरएफसी (इंटरनेटचे नियम लिहिलेली कागदपत्रं) ९१९ आणि ९२२ पासूनचे आहेत, म्हणजे बऱ्याच वाचणाऱ्यांपेक्षा वयाने मोठे.

इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे शेवटचा आकडा आंधळेपणाने २५५ टाकणं. मास्क म्हणजे पत्त्याचे पहिले किती बिट नेटवर्कचे ते सांगणारा आकडा, २४ बिटांच्या मास्कमध्ये ते चालतं म्हणून सवय लागते. पण समजा तुमचा पत्ता १०.२०.५.९ आहे आणि मास्क २२ बिटांचा आहे, तर ते नेटवर्क १०.२०.४.० पासून १०.२०.७.२५५ पर्यंत पसरलंय आणि ब्रॉडकास्ट पत्ता १०.२०.७.२५५. इथे १०.२०.५.२५५ हा चक्क एखाद्या साध्या मशीनचा पत्ता असू शकतो! तुम्ही त्यावर पाठवलंत तर कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) त्याला साधं युनिकास्ट, म्हणजे एकाच मशीनसाठीचं पॅकेट, समजतो, एआरपीने विचारत बसतो की बाबा हा पत्ता कुणाचा, कोणी उत्तर देत नाही, आणि पॅकेट गुपचूप मरतं. उलट बाजूने १९२.१६८.१०.३७ आणि २६ बिटांचा मास्क असेल तर ब्रॉडकास्ट १९२.१६८.१०.६३ येतो, २५५ नाही. त्यामुळे पत्ता आणि मास्क वाचून हिशोब करायचा: पत्ता घ्या, मास्क उलटा करा, दोघांचा बिटवाइज ऑर. एका ओळीचं काम आहे.

३१ बिटांच्या मास्कला ब्रॉडकास्ट नसतोच, तिथे दोन्ही पत्ते दोन टोकांच्या मशीनला वापरायचे असतात, त्यामुळे हिशोब करताना ३१ आणि ३२ सोडून द्या. आणि पूर्वी सबनेटचा पहिला पत्ता, म्हणजे ज्यात होस्टचे सगळे बिट ०, तोही जुन्या बीएसडीच्या पुण्याईने ब्रॉडकास्ट धरायचे, लिनक्सने ५.१४ पासून ते बंद केलं. जुन्या कर्नलवर राउटिंग टेबलमध्ये (कुठला पत्ता कुठल्या इंटरफेसने जातो त्याची यादी) दोन दोन ब्रॉडकास्ट एंट्री दिसल्या तर घाबरू नका.

मग दोनपैकी कुठला वापरायचा? माझं मत असं, की नेटवर्कवरच्या सगळ्यांचे मास्क बरोबर असतील याची खात्री नसेल तर २५५.२५५.२५५.२५५ बरा. कारण ऐकणारं मशीन आलेल्या पॅकेटचा पत्ता स्वतःच्या मास्कने तपासतं, आणि त्याचा मास्क चुकीचा असेल तर तुमचा सबनेट ब्रॉडकास्ट त्याला ब्रॉडकास्ट वाटतच नाही आणि ते पॅकेट फेकून देतं. नवीन, अजून सेटिंग न केलेलं डिव्हाइस शोधायचं असेल तर हे हमखास होतं. पण या पत्त्याची एक मोठी भानगड आहे, ती पायरी ३ मध्ये.

पायरी २: सॉकेटला परवानगी द्या

यूडीपी सॉकेट (प्रोग्रामचं पॅकेट पाठवायचं-घ्यायचं टोक) उघडलं आणि थेट ब्रॉडकास्ट पत्त्यावर सेंडटू (पाठवायचा कॉल) केलं की लिनक्सवर "परमिशन डिनाइड" येतं, एररचं नाव ई-अ‍ॅक्सेस. विंडोजवर तीच गोष्ट १००१३ नंबरने येते. लोक लगेच सुडो लावून बघतात. काही उपयोग नाही, रूटलासुद्धा हीच एरर मिळते, कारण इथे प्रश्न युजरच्या अधिकाराचा नाहीये, सॉकेटवर एसओ-ब्रॉडकास्ट हा ऑप्शन चालू केलेला नाही एवढाच आहे. सेटसॉकऑप्टने तो १ करा, झालं.

यामागे एक छोटी गोष्ट आहे. बर्कलेच्या युनिक्समध्ये सुरुवातीला ब्रॉडकास्ट पाठवणं हे खरोखरच फक्त सुपरयुजरचं काम होतं. ४.३ बीएसडी मध्ये ते सगळ्यांना खुलं केलं, पण चुकून कोणी पत्ता टाकला आणि अख्ख्या नेटवर्कला त्रास झाला असं नको म्हणून हा ऑप्शन मागे ठेवला. म्हणजे हे कुलूप नाहीये, "खरंच पाठवायचंय ना?" असं विचारणारी कडी आहे फक्त.

कर्नल हे तपासतो कधी, तर राउटिंग टेबलमध्ये पत्ता शोधून झाल्यावर. आधी शोधतो, मग उत्तरात "हा ब्रॉडकास्ट आहे" असा शिक्का दिसला तर सॉकेटवरचा ऑप्शन बघतो. म्हणूनच वरच्या १०.२०.५.२५५ वाल्या चुकीत परवानगीची एररसुद्धा येत नाही! हे उलटं वापरता येतं: ऑप्शन मुद्दाम बंद ठेवून एकदा पाठवून बघा, एरर आली तर कर्नलच्या मते तुमचा पत्ता खरोखर ब्रॉडकास्ट आहे, नाही आली तर हिशोब चुकलाय. फक्त ही चाचणी जावा आणि गो मध्ये करू नका, कारण तिथे स्टँडर्ड लायब्ररी हा ऑप्शन आधीच चालू करून ठेवते. पायथनमध्ये स्वतः लावावा लागतो, नोडमध्ये सेटब्रॉडकास्ट आहे पण ते सॉकेट बाइंड झाल्यावरच (म्हणजे पत्ता आणि पोर्टला बांधल्यावरच) बोलवायचं, आधी बोलवलंत तर ते वेगळीच एरर फेकतं.

आणि एररचा शब्द नीट वाचा. "परमिशन डिनाइड" आणि "ऑपरेशन नॉट परमिटेड" या लिनक्सवर दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी आली तर बहुतेक मशीनच्याच फायरवॉलने बाहेर जाताना पॅकेट अडवलंय, एसओ-ब्रॉडकास्टशी काही संबंध नाही.

टीसीपीवर ब्रॉडकास्ट होत नाही हे सांगायला नको, पण करून बघितलंत तर लिनक्स "नेटवर्क इज अनरीचेबल" म्हणतो आणि माणूस उगाच केबल तपासत बसतो.

पायरी ३: कर्नल इंटरफेस कसा निवडतो ते समजून घ्या

आता खरी भानगड. सबनेट ब्रॉडकास्टच्या बाबतीत सोपं आहे, पत्त्यातच नेटवर्क दिसतंय त्यामुळे कर्नलला इंटरफेस कळतो. लिनक्सवर "आयपी राउट शो टेबल लोकल" ही कमांड चालवा, त्यात ब्रॉडकास्ट शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी दिसतील, प्रत्येकीत पत्ता, इंटरफेस आणि सोर्स पत्ता. तुम्ही इंटरफेसला पत्ता दिलात की कर्नल या ओळी आपोआप घालतो.

पण २५५.२५५.२५५.२५५ मध्ये नेटवर्कच नाही. मग कुठून पाठवायचं?

लिनक्स काय करतो, तर तुम्ही सॉकेट कुठल्याच पत्त्याला बाइंड केलं नसेल तर तो हा पत्ता इतर कुठल्याही पत्त्यासारखा राउटिंग टेबलमध्ये शोधतो, आणि तिथे जुळणारी एकच ओळ असते ती म्हणजे डीफॉल्ट राउट. म्हणजे ज्या इंटरफेसवरून इंटरनेट आहे तिकडून पॅकेट जातं. तुमची डिव्हाइसेस दुसऱ्या केबलवर असतील तर त्यांना कधीच कळत नाही. आणि डीफॉल्ट राउटच नसेल, उदाहरणार्थ एका स्विचला दोन मशीन जोडून टेस्टिंग चाललंय, गेटवे नाहीच, तर सरळ "नेटवर्क इज अनरीचेबल". केबल लागलीय, लाइट लुकलुकतोय, पिंग जातंय, आणि ब्रॉडकास्ट म्हणतंय नेटवर्कच नाही! हे पहिल्यांदा बघितलं की माणूस चक्रावतोच.

पण लिनक्समध्ये एक खास सोय आहे जी खूप जणांना माहीत नसते. सॉकेट जर एखाद्या इंटरफेसच्या पत्त्याला बाइंड केलेलं असेल आणि पाठवायचा पत्ता २५५.२५५.२५५.२५५ असेल, तर कर्नल राउटिंग टेबलकडे बघतच नाही, तो पत्ता ज्या इंटरफेसचा आहे तिकडूनच पॅकेट काढतो. राउट असो नसो. ही सोय सबनेट ब्रॉडकास्टला नाही हे लक्षात ठेवा. लॅपटॉपची केबल आणि वायफाय दोन्ही एकाच सबनेटमध्ये असतील तर सबनेट ब्रॉडकास्टच्या दोन सारख्या ओळी टेबलमध्ये असतात आणि सोर्स पत्ता बाइंड करूनही पॅकेट भलत्याच इंटरफेसने जाऊ शकतं. तिथे एसओ-बाइंडटूडिव्हाइस वापरा, इंटरफेसचं नाव द्यायचं, संपलं. पूर्वी यासाठी खास अधिकार लागायचे, ५.७ च्या कर्नलपासून साध्या युजरलाही चालतं, फक्त त्या सॉकेटवर आधी दुसरा इंटरफेस बांधलेला नसावा.

विंडोजचं वेगळं. तिथे "राउट प्रिंट" केलंत की दिसेल, २५५.२५५.२५५.२५५ ची एक ओळ प्रत्येक इंटरफेसला स्वतंत्र असते. सगळीकडून पाठवत असेल असं वाटतं ना? नाही. सगळ्यात कमी मेट्रिक (रस्त्याचा "खर्च") असलेली एकच ओळ जिंकते. मेट्रिक विंडोज साधारणपणे कार्डाच्या स्पीडवरून ठरवतं, आणि काही व्हर्च्युअल कार्डं स्वतःचा स्पीड असा काही सांगतात की खरं वायफाय मागे पडतं. माझे दोन दिवस गेले ते इथेच. उपाय तोच, सॉकेट त्या त्या इंटरफेसच्या पत्त्याला बाइंड करा, व्हिस्टापासून विंडोज सोर्स पत्ता ज्याचा त्याच इंटरफेसने पॅकेट पाठवतं.

बीएसडी घराण्याची रीत आणखी निराळी. फ्रीबीएसडीवर २५५.२५५.२५५.२५५ वर पाठवलंत तर ब्रॉडकास्ट करू शकणारा जो पहिला इंटरफेस असेल तिकडून जातं. तुम्हाला ठरावीक इंटरफेसने, पण वायरवर सगळे २५५ असलेलं पॅकेट हवं असेल तर आयपी-वनएसबीकास्ट नावाचा ऑप्शन आहे: सेंडटूला सबनेट ब्रॉडकास्ट द्यायचा, त्यावरून कर्नल इंटरफेस ओळखतो आणि पाठवताना पत्ता बदलून २५५.२५५.२५५.२५५ करतो. विचार करून बनवलेली गोष्ट आहे. मॅकवर आयपी-बाउंडइफ वापरा, त्याला इंटरफेसचा नंबर द्यायचा.

थोडक्यात चार सिस्टमचे चार स्वभाव, पण एकीवरही "सगळ्या इंटरफेसवरून पाठव" असं एका कॉलमध्ये होत नाही. ते काम आपलंच.

पायरी ४: इंटरफेस मोजा आणि प्रत्येकाला एक सॉकेट द्या

लिनक्स, मॅक, बीएसडीवर गेटइफअ‍ॅड्र्स, विंडोजवर गेटअ‍ॅडॅप्टर्सअ‍ॅड्रेसेस. यादी आली की गाळणी लावा: इंटरफेस चालू पाहिजे, लूपबॅक (मशीनने स्वतःशीच बोलायचा इंटरफेस) नको, आणि त्यावर ब्रॉडकास्टचा फ्लॅग पाहिजे. लिनक्सवर "आयपी अ‍ॅड्र" केलं की कंसातल्या यादीत हा फ्लॅग दिसतो. वायरगार्डसारख्या टनेलवर किंवा पॉइंट टू पॉइंट लिंकवर तो नसतो, तिथे ब्रॉडकास्ट करण्यात अर्थ नाही कारण खाली तसं काही माध्यमच नाहीये.

एक खड्डा इथे आहे. गेटइफअ‍ॅड्र्स ब्रॉडकास्ट पत्ताही देतं, पण त्यावर विसंबू नका. कोणी हाताने "आयपी अ‍ॅड्र अ‍ॅड" करताना ब्रॉडकास्ट पत्ता लिहिला नसेल तर ती जागा रिकामी येते, राउटिंग टेबलमध्ये मात्र ओळ असते. म्हणजे कर्नलला माहितीये पण तो तुम्हाला सांगत नाही असा प्रकार. पत्ता आणि मास्कवरून स्वतः हिशोब केला की ही कटकट मिटते. विंडोजवर तर ब्रॉडकास्ट पत्ता मिळतच नाही त्या कॉलमध्ये, प्रीफिक्सची लांबी मिळते, त्यावरून काढायचा.

मग प्रत्येक पत्त्यासाठी: नवीन यूडीपी सॉकेट, एसओ-ब्रॉडकास्ट चालू, त्या पत्त्याला बाइंड, जिथे लागतं तिथे इंटरफेसही बांधा, आणि पाठवा. लिनक्स आणि विंडोजवर मी २५५.२५५.२५५.२५५ पाठवतो आणि मॅकवर सबनेट ब्रॉडकास्ट, आणि वेळ असेल तर दोन्ही पाठवतो, एका छोट्या पॅकेटने काही बिघडत नाही. एका इंटरफेसवर एरर आली म्हणून लूप थांबवू नका, लॉग करा आणि पुढे जा, कारण एखादं अर्धवट बंद पडलेलं व्हर्च्युअल कार्ड कायम एरर देतच असतं.

यादी एकदाच काढून जपून ठेवू नका. वायफाय बदलतं, व्हीपीएन चालू होतं, लॅपटॉप झोपेतून उठतो. दर फेरीला परत मोजा, काम हलकं आहे.

पायरी ५: पॅकेटचा आकार, वेळ, आणि स्वतःचाच आवाज

इथरनेटवर १५०० बाइटची मर्यादा, त्यातून आयपी हेडरचे २० आणि यूडीपीचे ८ गेले की उरतात १४७२. त्याच्या आत राहा. लिनक्स मोठ्या ब्रॉडकास्टचे तुकडे करून देईल, पण बीएसडी घराण्यात ब्रॉडकास्टचे तुकडे करायला मनाईच आहे, तिथे "मेसेज टू लाँग" येतं. माझा नियम, शोधायच्या पॅकेटमध्ये काही डझन बाइट पुरतात, बाकीचं बोलणं उत्तर आल्यावर युनिकास्टने करा. उदाहरण बघायचं तर वेक ऑन लॅनचं जादुई पॅकेट घ्या: सहा बाइट सगळे बिट १, मग झोपलेल्या मशीनचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा हार्डवेअर पत्ता, अ‍ॅपलच्या मॅकशी संबंध नाही) सोळा वेळा, एकूण १०२ बाइट, खलास.

पाठवलेलं पॅकेट तुम्हालाही ऐकू येतं. कर्नल बाहेर पाठवताना त्याची एक कॉपी आत वळवतो, आणि त्या पोर्टवर तुमचंच ऐकणारं सॉकेट असेल तर त्याला ती मिळते. मल्टिकास्टमध्ये (ठरावीक ग्रुपलाच पाठवणं) हे बंद करायला ऑप्शन आहे, ब्रॉडकास्टला नाही. म्हणून पॅकेटमध्ये सुरुवातीलाच एक रँडम आयडी टाका आणि आलेल्या पॅकेटमध्ये आपलाच आयडी दिसला तर सोडून द्या. सोर्स पत्त्यावरून ओळखायला जाऊ नका, एका मशीनवर तुमचा प्रोग्राम दोनदा चालू असेल तर फसाल.

सेंडटूने आकडा परत दिला म्हणजे पॅकेट कर्नलच्या हातात गेलं, एवढंच. पुढे काय झालं ते कोणी सांगत नाही. म्हणून तीन वेळा पाठवा, मध्ये काही शे मिलिसेकंद ठेवून. आणि उत्तर देणाऱ्या बाजूला सांगा की लगेच उत्तर देऊ नको, थोडा रँडम वेळ थांब, नाहीतर एका हाकेला शंभर डिव्हाइस एकाच क्षणी ओ देतात आणि तुमच्या सॉकेटचा बफर भरून निम्मी उत्तरं गळतात.

पायरी ६: ऐकणारी बाजू

इथे एक फरक असा आहे की विंडोजवर लिहिलेला प्रोग्राम लिनक्सवर आणला की बहिरा होतो. विंडोजवर तुम्ही सॉकेट इंटरफेसच्या साध्या पत्त्याला बाइंड केलं तरी त्या इंटरफेसवर आलेले ब्रॉडकास्ट मिळतात. लिनक्सवर नाही मिळत! लिनक्स पॅकेटवरचा पत्ता आणि सॉकेटचा पत्ता जुळवतो, पॅकेटवर २५५.२५५.२५५.२५५ आहे आणि सॉकेटवर १९२.१६८.काहीतरी, जुळलं नाही, विषय संपला. म्हणून ऐकायचं सॉकेट ०.०.०.० ला बाइंड करा. लिनक्सवर थेट ब्रॉडकास्ट पत्त्यालाही बाइंड करता येतं आणि मग फक्त ब्रॉडकास्टच येतात, छान युक्ती आहे पण विंडोज ते करू देत नाही.

याचाच अर्थ असा की लिनक्सवर पाठवणारं सॉकेट आणि ब्रॉडकास्ट ऐकणारं सॉकेट वेगळी ठेवावी लागतात. पाठवणाऱ्या सॉकेटवर युनिकास्ट उत्तरं येतात, तेवढं त्याला पुरतं. ऐकण्यासाठी एसओ-ब्रॉडकास्ट लागत नाही, लोक उगाच लावतात, लावलं तर काही बिघडत नाही.

एकाच पोर्टवर दोन प्रोग्राम ऐकायचे असतील तर लिनक्सवर दोघांनी एसओ-रीयूजअ‍ॅड्र लावायचं. युनिकास्टमध्ये अशा वेळी पॅकेट एकालाच मिळतं, ब्रॉडकास्टमध्ये प्रत्येकाला एकेक कॉपी मिळते.

पायरी ७: वायरवर बघा, अंदाज लावत बसू नका

टीसीपीडंप किंवा वायरशार्क उघडा. टीसीपीडंपला मायनस ई द्या म्हणजे मॅक पत्तेही दिसतात, आणि फिल्टरमध्ये "ईथर ब्रॉडकास्ट" आणि तुमचा पोर्ट. बरोबर गेलेल्या पॅकेटवर डेस्टिनेशन मॅकचे सगळे ४८ बिट १ असले पाहिजेत. ब्रॉडकास्ट असं ठरलं की कर्नल एआरपी विचारतच नाही, हा ठरलेला मॅक थेट लावतो आणि स्विच ते पॅकेट त्या व्हीलॅनच्या (स्विचवर वेगळं पाडलेलं नेटवर्क) बाकी सगळ्या पोर्टवर ओततो. त्याऐवजी तुम्हाला एआरपीचे प्रश्न दिसले तर पायरी १ ला परत जा, पत्ता चुकलाय. कुठल्यातरी एकाच मशीनचा किंवा गेटवेचा मॅक दिसला तरी तेच.

गेटवेचा मॅक दिसण्याचं एक रास्त कारण असतं, तुम्ही दुसऱ्याच नेटवर्कच्या ब्रॉडकास्ट पत्त्यावर पाठवताय. तुमच्या कर्नलला तिकडचा मास्क माहीत नाही, त्याला तो साधा पत्ता वाटतो, तो गेटवेकडे देऊन मोकळा होतो. शेवटचा राउटर ते ब्रॉडकास्ट करणार की नाही हे त्याच्यावर, आणि १९९९ च्या आरएफसी २६४४ पासून राउटरने हे डीफॉल्ट बंद ठेवायचं ठरलंय. कारण स्मर्फ नावाचा हल्ला: खोटा सोर्स पत्ता लावून दुसऱ्याच्या नेटवर्कला ब्रॉडकास्ट पिंग मारायचं, मग शेकडो मशीन त्या बिचाऱ्या पत्त्यावर उत्तरं ओततात. लिनक्स ब्रॉडकास्ट पिंगला डीफॉल्ट उत्तर देत नाही तेही त्यामुळेच. म्हणून ब्रॉडकास्ट पिंग करून "कोणीच नाही नेटवर्कवर" असा निष्कर्ष काढू नका.

पाठवणाऱ्या मशीनवर पॅकेट दिसतंय आणि ऐकणाऱ्या मशीनवरही टीसीपीडंपमध्ये दिसतंय पण प्रोग्रामला मिळत नाही, असं झालं तर तीन संशयित. बाइंड, ते वर झालं. फायरवॉल, कारण येणारं पॅकेट टीसीपीडंपला फायरवॉलच्या आधी दिसतं. आणि लिनक्सवर आरपी-फिल्टर, म्हणजे ज्या सोर्स पत्त्याला परत जायचा रस्ता त्या इंटरफेसने नाही ते पॅकेट कर्नल टाकून देतो. नवं डिव्हाइस १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेऊन ओरडतंय आणि तुमच्या मशीनला त्या नेटवर्कचा राउट नाही, की हे होतं.

फायरवॉलबद्दल अजून एक. तुम्ही पाठवलं २५५.२५५.२५५.२५५ ला, उत्तर आलं १९२.१६८.१.२० कडून. लिनक्सचं कनेक्शन ट्रॅकिंग या दोघांची जोडी लावू शकत नाही, त्याच्या मते हे बिनबोलावलेलं पॅकेट आहे. म्हणून पाठवणाऱ्या सॉकेटचा पोर्टही ठरावीक ठेवा, म्हणजे फायरवॉलमध्ये त्याचा नियम लिहिता येतो. रँडम पोर्ट असेल तर काय नियम लिहिणार?

पायरी ८: पॅकेट बाहेर पडलंच, पण पोचलं नाही

वायफायवर तुमचं ब्रॉडकास्ट आधी अ‍ॅक्सेस पॉइंटकडे जातं, तिथपर्यंत त्याची पोच मिळते, न मिळाल्यास कार्ड परत पाठवतं. मग अ‍ॅक्सेस पॉइंट ते सगळ्यांसाठी कमी स्पीडने हवेत सोडतो आणि या वेळी पोच कोणीच देत नाही. झोपलेल्या मोबाइलसाठी तो ठरावीक ठोक्यापर्यंत थांबतोही. त्यामुळे वायफायवर ब्रॉडकास्ट हरवणं हे रोजचंच आहे, पायरी ५ मधले तीन प्रयत्न याचसाठी. आणि क्लायंट आयसोलेशन चालू असेल, जसं पाहुण्यांच्या वायफायवर असतं, तर कितीही ओरडा.

कंटेनरमध्ये प्रोग्राम चालवताय तर ब्रॉडकास्ट कंटेनरच्या व्हर्च्युअल ब्रिजच्या आतच फिरतं, होस्टचं नेटवर्क वापरायला सांगा. व्हर्च्युअल मशीन नॅट मोडमध्ये असेल तर तेच, ब्रिज्ड करा.

मोबाइलवर परवानग्यांचा खेळ आहे. आयओएस १४ पासून, म्हणजे २०२० पासून, लोकल नेटवर्कसाठी युजरची परवानगी लागते आणि ब्रॉडकास्टसाठी अ‍ॅपलकडून वेगळी मंजुरीही. मॅकवरही २०२४ च्या सिक्वोयापासून तसा प्रश्न विचारला जातो, आणि युजरने "नको" दाबलं असेल तर तुमच्या कोडमध्ये काहीच चूक नसताना शांतता. अँड्रॉइडवर ऐकायला मल्टिकास्टलॉक घ्यावं लागतं, नाहीतर बॅटरी वाचवायला वायफाय चिप ही पॅकेट्स वरच्यावर गाळते.

डीएचसीपी कसं करतं मग?

डीएचसीपी म्हणजे मशीनला आपोआप पत्ता मिळवून देणारी पद्धत. हा प्रश्न हमखास येतो, की ज्या मशीनला अजून पत्ताच नाही ते बाइंड कशाला करणार. उत्तर असं की बरेच डीएचसीपी क्लायंट या सगळ्या सॉकेटच्या भानगडीत पडतच नाहीत. लिनक्सवर पॅकेट सॉकेट आणि बीएसडीवर बीपीएफ वापरून ते अख्खी फ्रेम स्वतः बनवतात, सोर्स ०.०.०.०, डेस्टिनेशन २५५.२५५.२५५.२५५, पोर्ट ६८ वरून ६७ ला, आणि इंटरफेसचं नाव देऊन थेट कार्डाकडे ढकलतात, राउटिंग टेबलला न विचारता. त्यासाठी खास अधिकार लागतात, आणि साध्या प्रोग्रामला याची गरज नाही.

व्हर्जन ६ मध्ये ब्रॉडकास्ट काढूनच टाकलंय. तिथे एफएफ०२::१ हा सगळ्या नोडचा मल्टिकास्ट ग्रुप आहे, त्यावर पाठवताना इंटरफेसचा नंबर पत्त्याबरोबरच द्यायचा, म्हणजे जी गोष्ट आपण आत्तापर्यंत बाइंड आणि ऑप्शनच्या कसरती करून साधत होतो ती तिथे पत्त्याचाच भाग आहे. व्हर्जन ४ वरही नवीन काही लिहिणार असाल आणि दोन्ही टोकं तुमच्या हातात असतील तर मल्टिकास्टचा विचार करा, त्यात इंटरफेस निवडायला, स्वतःचा आवाज बंद करायला, किती राउटर ओलांडायचे ते ठरवायला, सगळ्याला सरळ ऑप्शन आहेत. मी अजूनही ब्रॉडकास्ट वापरतो, कारण ज्या जुन्या डिव्हाइसेसशी माझं काम आहे त्यांना दुसरं काही कळत नाही.